हॉलच्या भिंतीला जळका केशरी रंग: नागपूरच्या घरात जमेल का?

बेसावाली | १४ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बेसा भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, ताबा मागच्या महिन्यात मिळाला. दिवाळीच्या आत राहायला जायचं आहे. बिल्डरने सगळीकडे तो एक मरगळलेला पिवळट पांढरा मारून दिलाय, दवाखान्यात बसल्यासारखं वाटते.

मला हॉलमध्ये गडद, तांबूस, जळका केशरी रंग हवा आहे. इंग्रजीत ज्याला बर्न्ट ऑरेंज म्हणतात तो. संत्र्याचा नाही, झेंड्याचा नाही, झेंडूचा तर नाहीच. आजोळी काटोलजवळच्या खेड्यात जुन्या घराची कवेलू (कौलं) होती, पाऊस पडून गेल्यावर ओली कवेलू जशी दिसायची तसा. डोळ्यासमोर तोच आहे, पण दुकानातल्या शेडकार्डावर बोट ठेवायला गेले की सापडत नाही.

हॉल ११ बाय १६ आहे. बाल्कनी पश्चिमेला. समोरची, म्हणजे पूर्वेकडची भिंत सलग आहे, तिथे सोफा येईल. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर. उत्तरेला स्वयंपाकघराचं दार. मी तिन्ही भिंती करायच्या म्हणून राहिली, नवरा म्हणतो एकही नको. सासूबाई म्हणाल्या, "मठ काढून राहिली का बाई?" फर्निचर सगळं सागवानी, माहेरहून आलेलं. ट्यूबलाइट पांढऱ्या, आत्ताच बसवल्यात. कोणी हा रंग वापरला असेल तर खरं खरं सांगा.

तर्रीपोहे | १४ सप्टेंबर, रात्री १०:३१

आधी एक सांगा, एप्रिल-मेमध्ये ४५ च्या उन्हातून घरी आल्यावर समोर जळकी भिंत पाहून काय वाटेल? माणसाला डोळ्याला गारवा पाहिजे. आमच्याकडे हॉल फिका आकाशी आहे. नवऱ्याचं ऐका. (आयुष्यात पहिल्यांदा कोणाला हा सल्ला देऊन राहिलो.)

जाफरी | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

तर्रीपोहे भाऊ, आतल्या भिंतीच्या रंगाने घर तापत नाही. घर तापते ते वरच्या स्लॅबने आणि पश्चिमेच्या भिंतीने, तेही बाहेरून. स्लॅबवर चुना मारा, पश्चिमेला पडदे किंवा खसची ताटी लावा, मग आत काळा मारला तरी पारा तेवढाच. हां, डोळ्याला गरम वाटणं हा भाग वेगळा, ते मान्य.

ताई, खरा प्रश्न उष्णतेचा नाही, उजेडाचा आहे. शेडकार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक रंगाचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती टक्के परत फेकतो. दुधी पांढरा ८० च्या आसपास. तुम्ही म्हणता तो रंग १५ ते २०. तीन भिंती केल्या तर हॉल उजेड पिऊन टाकेल आणि दिवसा दिवे लावावे लागतील. एकच करा, आणि तीही पूर्वेची.

पूर्वेचीच काहून, तर तुमची बाल्कनी पश्चिमेला आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचचं तिरपं ऊन थेट त्या भिंतीवर येईल. हा रंग त्या उन्हासाठीच आहे. बाल्कनीकडच्या भिंतीला लावला असता तर मागून उजेड आणि समोर अंधार, रंग मातकट दिसला असता. दक्षिणेच्या भिंतीवर टीव्ही येणार, तिथे वाया जाईल.

बेसावाली | १४ सप्टेंबर, रात्री ११:२०

बाप रे, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानदार तर म्हणाला, "ताई, फेव्हिकॉलचं टेक्स्चर घ्या, चमकते." 😄 एकच भिंत म्हटल्यावर नवरा पण नरम पडला.

गेरूचुना | १५ सप्टेंबर, सकाळी ७:४८

मी रंगकामाचेच ठेके घेतो, २० वर्षं झाली, म्हणून थोडं लांब लिहितो.

या रंगाला आपल्याकडे नाव नाही असं वाटते, पण आहे. गेरू. तुळशीच्या ओट्याला मारतात तो, रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याला चुन्याच्या पट्ट्यासोबत मारतात तो. गेरूमध्ये लोखंडाचा गंज असतो, आयर्न ऑक्साइड. पिवळी माती असते तिच्यात लोखंडासोबत पाणी बांधलेलं असते, ती भाजली की पाणी उडून जाते आणि रंग लाल होतो. अडीचशे-तीनशे अंशांना हा बदल होतो. त्या नावातलं "जळकं" ते हेच. इटलीत सिएना गावाची माती भाजून चित्रकार जो रंग करत त्याला बर्न्ट सिएना म्हणतात, त्याच कुळातला हा. तुमची कवेलू आणि विटासुद्धा भट्टीत अशाच लाल होतात. भट्टीत वारा कमी पडला की त्याच मातीची वीट काळपट निघते.

हे सगळं पुराण एवढ्यासाठी की दुकानात मशीनवर रंग बनवताना दोन मार्ग असतात. एक म्हणजे रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड आणि थेंबभर काळा. दुसरा म्हणजे भडक नारंगी-लाल कलरंट टाकून वरून काळ्याने मारून आणलेला. डब्यात दोन्ही सारखे दिसतात. पण तुमच्या भिंतीवर रोज संध्याकाळी ऊन येणार. ऑक्साइडचा रंग उन्हाला भीत नाही, झाडांवरचा गेरू पावसाने धुतला जातो पण उन्हाने पांढरा पडत नाही. भडक कलरंटांपैकी काही पाच-सहा उन्हाळ्यांत फिकटतात, मग सोफा सरकवला की मागे गडद चौकोन. डब्याच्या झाकणावर मशीन एक चिठ्ठी चिकटवते, तिच्यावर कोणते कलरंट किती पडले ते असते. दुकानदाराला विचारा. नाही सांगत म्हणाला तर दुसरं दुकान पाहा.

दुसरं. गडद शेडला डीप बेस लागतो, म्हणजे ज्यात मशीन कलरंट मिसळते तो गडद रंगांसाठीचा मूळ डबा. त्यात पांढरा, म्हणजे टायटॅनियम जवळजवळ नसतो. त्यामुळे तो झाकत नाही. साधा इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) दोन हातात लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातो, याला तीन हात धरा, कधी चार. पेंटर दोन हातांचा भाव सांगून येते आणि तिसऱ्या हाताला तोंड वाकडं करते. आधीच ठरवून घ्या. आणि पांढऱ्या प्राइमरवर थेट मारू नका, प्राइमरमध्येच गेरव्या स्टेनरची (हाताने मिसळायच्या दाट रंगाची) थोडी धार टाकून तो मातकट करून घ्या. एक हात वाचतो.

पण पूर्ण रंगच स्टेनरने हाताने बनवून देतो म्हणाला तर मुळीच ऐकू नका. उद्या कोपरा उडाला तर तो रंग ब्रह्मदेवाला जुळवता येणार नाही.

बेसावाली | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०२

दादा, प्रिंट काढून पर्समध्ये ठेवली. शतशः आभार.

काटोलचा_संत्रा | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

काटोलचं नाव निघालं म्हणून आलो. नागपूर म्हटलं की लोक केशरी भिंत रंगवतात आणि म्हणतात ऑरेंज सिटी. खरा नागपुरी संत्रा पाहिला का कोणी झाडावर? आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडतो तेव्हा अर्धा हिरवाच असतो, आतून गोड. सालीला रंग चढायला रात्री थंड पाहिजेत. मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो थंडी खाऊन आलेला असतो, त्याला बरा रंग. तरी तो पिवळट नारंगीच. तुमच्या जळक्या रंगाशी आमचा काही संबंध नाही, २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो संत्र्याला, भिंतीला नाही. 🙏

बाकी कवेलूचा रंग म्हणाल तर मनातलं बोललात. आमच्या गोठ्यावर अजून आहेत.

ऑस्टिनची_वैशाली | १५ सप्टेंबर, रात्री ८:४०

मी माहेरची धरमपेठची, आता टेक्सासमध्ये ऑस्टिनला. इथल्या विद्यापीठाचा अधिकृत रंग बर्न्ट ऑरेंजच. फुटबॉलच्या दिवशी आख्खं गाव गेरूत बुडवून काढल्यासारखं दिसते. त्यांचा नेमका आकडा आहे, लाल १९१, हिरवा ८७, निळा शून्य. मोबाइलवर टाकून पाहा. मात्र स्क्रीनवर तो जरा चमकतो, भिंतीवर दोन पायऱ्या मंद घ्यावा लागतो.

एक धोक्याची सूचना. इथे ७० च्या दशकात हा रंग घराघरांत होता, सोबत शेवाळी हिरवा आणि मोहरीसारखा पिवळा. गालिचा, सोफा, फ्रीजसुद्धा. आम्ही भाड्याने घेतलेल्या पहिल्या घरात तसाच गालिचा होता, तो काढेपर्यंत मला चैन नव्हती. भिंत एक ठीक. भिंत, पडदे, उशा, गालिचा सगळं त्याच रंगात केलंत तर पाच वर्षांनी तुम्हीच कंटाळाल.

बर्डीचा_बाळ्या | १५ सप्टेंबर, रात्री ९:१०

वारली काढा भिंतीवर. गेरूवर पांढरं. झकास दिसते.

बेसावाली | १५ सप्टेंबर, रात्री ९:१४

नको बाबा. प्रत्येक हॉटेलात आहे. तारपावाला आणि गोल नाच पाहिला की मला बिल मागावंसं वाटते.

कोसाकाठ | १६ सप्टेंबर, दुपारी ४:०५

बेसावाली ताई, तुमच्या सागवानाबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्या मते तिथेच घोडं अडेल.

सागवान पिवळट तपकिरी. पॉलिश केलेलं असेल तर त्यात तांबूस झाक. जळक्या केशरी भिंतीसमोर ते ठेवलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात, सोफा दिसतच नाही, नुसता एक तपकिरी ढग. आमच्या रामदासपेठच्या घरात हेच झालं. आईच्या लग्नातली सागवानी बैठक होती, देखणी, बल्लारशाच्या डेपोतल्या लाकडाची. रंग दिल्यावर बाबा म्हणाले, "बैठक विकली का?"

उपाय सोपा निघाला. मधे फट पाहिजे. आम्ही बैठकीवर जाड दुधी खादीची गादी टाकली, मागे टेकायला न रंगवलेल्या कोशाचे (टसर रेशमाचे) अभ्रे. भंडाऱ्याचा कोसा मधाच्या रंगाचा असतो, त्यात स्वतःची एक मंद चमक असते, ती गेरव्या भिंतीवर फार सुंदर उठते. करवती काठाचं जुनं फाटलेलं लुगडं असेल तर त्याचा काठ कापून अभ्र्याला लावा. आईने आधी शिव्या घातल्या, आता पाहुण्यांना तीच दाखवते.

भांडी मांडणार असाल तर पितळ. तांबं नाही. आमचं तांब्याचं घंगाळ त्या भिंतीपुढे गायब झालं, तिथेच पितळी समई ठेवली तर दुपारीसुद्धा पेटल्यासारखी.

आणि एक दुसरा रंग पाहिजेच, थोडासा. बाटलीहिरवा किंवा मोरपंखी. अजिंठ्याची चित्रं आठवा. तिथे गेरू आणि पिवळी माती भरपूर, पण मधेच हिरवी माती, आणि कुठे तरी लाजवर्द दगडाचा निळा. त्या चिमूटभर निळ्यामुळे बाकी लाल जिवंत वाटतो. हॉलमध्ये तो निळा एका उशीएवढा पुरे.

बेसावाली | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

कोसाकाठ ताई, "बैठक विकली का" वाचून जोरात हसले. माझ्याकडे आजीचं मोरपंखी लुगडं आहे, काठ विरलेला. देवाने पाठवलं तुम्हाला.

पाच शेड आणल्या, छोटे डबे. फरशी पुसायच्या फडक्याएवढे पट्टे मारले भिंतीवर. आत्ता तरी पाचही भयंकर दिसून राहिले. एक तर अक्षरशः वाळलेल्या रक्तासारखा. मला वाटते मी चूक केली.

जाफरी | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६:४१

कशाखाली पाहिले? पांढऱ्या ट्यूबखाली?

बेसावाली | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६:४३

हाव.

जाफरी | १६ सप्टेंबर, सायंकाळी ७:१०

मग भिंतीचा दोष नाही. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलं असेल. त्या उजेडात निळा ठासून भरलेला, गडद लाल नावापुरता. भिंत बिचारी जे मिळाले तेच परत करेल, केशरी आणेल कुठून? २७०० किंवा ३००० के चा एक बल्ब आणा, पिवळा वॉर्म व्हाइट. तो लावा, ट्यूब बंद करा, आणि मग पाहा. जमलं तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेड रंग किती खरे दाखवतो तो आकडा, ९० लिहिलेला घ्या, साध्या स्वस्त बल्बांत ८० असतो आणि तांबड्या रंगातच तो मार खातो.

शिवाय ओला रंग पाहून ठरवू नका. इमल्शन ओला असताना दुधाळ दिसतो, वाळल्यावर गडद होतो. पट्टे तसेच राहू द्या, तीन दिवस, सकाळी-दुपारी-संध्याकाळी पाहा. आणि पट्ट्यांभोवती पांढरी भिंत आहे म्हणून ते जास्तच गडद वाटतात. सोप्पी युक्ती: जुन्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा कोपऱ्यात, सोफ्यामागे, दिव्याखाली फिरवून पाहा.

बेसावाली | १९ सप्टेंबर, रात्री ९:५५

तीन दिवस केलं. रोज संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून थेट रिकाम्या फ्लॅटवर, चहाचा थर्मास घेऊन, जमिनीवर बसून भिंत पाहत. वॉचमन काळजीत पडला होता.

काय सांगू. पहिल्या दिवशी जो वाळलेल्या रक्तासारखा वाटला, तोच निवडला. दुपारी बारा वाजता तो साधा विटकरी असतो, विशेष काही नाही. चारनंतर हळूहळू आतून पेटायला लागतो. सव्वापाचला बाल्कनीच्या कठड्याची सावली आडवी पडते आणि त्या सावलीच्या वर ऊन असते तेवढा भाग एकदम... रामटेककडे जाताना फेब्रुवारीत पळस फुललेला असतो ना, पाकळी खाली पडून दुसऱ्या दिवशी थोडी सुकते, कडा काळपट होतात, तसा. मी फोटो काढला पण फोटोत तो नुसता नारंगी येतो, म्हणून टाकत नाही.

बाकीच्या चार शेडपैकी दोन उन्हात भोपळा झाल्या.

सासूबाईंना आज नेलं. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या सपरीच्या भिंतीला अशेच पोतेरे मारायची मी." त्यांच्या दृष्टीने हा होकार आहे.

तर्रीपोहे | १९ सप्टेंबर, रात्री १०:०२

मठाची घराणी परंपरा निघाली म्हणजे. मी माघार घेतो.

लक्ष्मीनगरची_सून | २० सप्टेंबर, सकाळी ११:३०

ताई, लहान मुलं आहेत का घरात? आमच्या मुलाने असल्याच गडद मॅट भिंतीला सायकलचं हँडल घासलं. पांढरट ओरखडा. ओल्या फडक्याने पुसला तर तिथे चकाकी आली, आता ओरखडा नाही पण चट्टा आहे. मॅट शोभिवंत दिसतो, पण त्याला हात लावायची सोय नाही. आम्ही पुन्हा केला तेव्हा मंद चमकेचा घेतला, साटिनसारखा. मात्र त्यात छपाईचे सगळे खड्डे-उंचवटे दिसायला लागले.

गेरूचुना | २० सप्टेंबर, दुपारी २:१०

बरोबर आहे. चमक जेवढी जास्त तेवढी भिंत नागडी. तुमच्या भिंतीवर तर तिरपं ऊन येणार, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडेल. पुट्टीचे दोन हात, मधे घासपेपर, आणि घासल्यावर अंधारात भिंतीला मोबाइलचा टॉर्च चिकटवून आडवा उजेड मारून पाहा. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा, पेंटरकडून परत भरून घ्या. तो चिडेल. चिडू द्या.

काम ऑक्टोबरातच करा. आमच्याकडे मे महिन्यात कोणी गडद रंगाचं काम आणलं की मी टाळतो. रोलर पुढे जाईपर्यंत मागचं वाळलेलं असते, पट्टे दिसतात. आणि एकदा हात घेतला की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंत संपवायची, मधे जेवायला जायचं नाही.

बेसावाली | १३ ऑक्टोबर, रात्री ११:४५

रडकुंडीला आले आहे.

भिंत साधारण १०५ चौरस फूट. एक लिटर आणला होता. गेरूचुना दादांनी तीन हात सांगितले होते तरी दुकानदार म्हणाला लिटरमध्ये बसवतो. दुसऱ्या हाताच्या पाऊण भागात डबा संपला. पेंटर गाडीवर जाऊन त्याच दुकानातून, त्याच कोडचा दुसरा डबा घेऊन आला. मारला. संध्याकाळी ऊन आलं आणि भिंतीवर उजवीकडून चार फुटांवर उभी रेघ. इकडचा गेरू, तिकडचा गाजर. दुकानदार म्हणे ताई कोड एकच आहे, तुमच्या डोळ्यांचा दोष. नवरा म्हणे मला तर फरक दिसत नाही, आणि हे तो माझ्याकडे न बघता म्हणून राहिला.

गेरूचुना | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

डोळे ठीक आहेत तुमचे. मशीनचं नोझल सुकलेलं असले, एका कलरंटचा थेंब कमी पडला की झालं. गडद शेडमध्ये बेसच्या मानाने कलरंट खूप असते, तिथे फरक चटकन दिसते. चूक माझीही, हे सांगायचं राहिलं.

आता असं करा. झाकणांवरच्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरून पाहा, आकडे सारखे आहेत का. मग जेवढा लागेल तेवढा, दीड लिटर तरी, एकदम घ्या. जुना-नवा जो उरलाय तो सगळा एका स्वच्छ बादलीत ओता, काठीने पाच मिनिटं ढवळा, आणि पूर्ण भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शेवटचा हात एका बैठकीत. तुकड्यापुरता मारू नका, दिसेल. रेघ जाईल. अर्धा लिटर उरेल, तो बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा, वर तारीख लिहा.

बेसावाली | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२०

गेली. रेघ गेली. 🙏🙏 दादा, कधी नागपुरात भेटलात तर पाटोडी-रस्सा माझ्याकडून.

चिठ्ठ्या पाहिल्या, दुसऱ्या डब्यात यलो ऑक्साइडचा आकडा वेगळाच होता. बादलीत सगळं ओतून ढवळलं, पेंटरने जेवायच्या आधी पूर्ण भिंत संपवली. एकूण अडीच लिटर आणले, त्यातला अर्धा लिटर उरला. बाकी तीन भिंती दुधी. छत तेच पांढरं ठेवलं, पण गंमत म्हणजे संध्याकाळी भिंतीचा रंग छतावर सांडतो, पहिले दोन फूट गुलाबी होतात. हे शेडकार्डावर नसते.

ट्यूब एक ठेवली आहे, अभ्यासापुरती. बाकी दोन पिवळे दिवे.

कोसाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

आणि बैठक?

बेसावाली | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०६

दिसते. 😄 दुधी गादी, चार कोशाच्या उशा, एक मोरपंखी. तांब्याचा हंडा स्वयंपाकघरात रवाना.

प्रतापनगर_४४ | २२ एप्रिल, दुपारी ३:३३

जुना धागा वर काढतोय. सगळं वाचून आम्हीही केली एक भिंत, पण खिडकीला कूलर आहे त्याच बाजूची. पंधरा दिवसांत खाली पांढरं पीठ धरून राहिलं. पुसलं की जाते, दोन दिवसांनी परत. पेंटर म्हणतो रंग खराब.

गेरूचुना | २२ एप्रिल, रात्री ८:१५

रंग नाही, पाणी. कूलरमध्ये बोअरचं पाणी टाकता ना? त्यात क्षार. ओल भिंतीत मुरते, बाहेर येताना क्षार वर सोडून जाते. पांढऱ्या भिंतीवरही होत होतं, तिथे दिसत नव्हतं एवढंच. आधी कूलर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, टाकीखालची गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. कोरड्या ब्रशने पीठ झाडा, पाण्याने पुसू नका. ओल असताना वरून कितीही हात मारा, पोपडे येतील.

बेसावाली | २ जुलै, सकाळी १०:२०

धागा वर आला म्हणून कळवते. पहिला उन्हाळा निघाला. तर्रीपोहे भाऊ, तुमची शंका अगदीच खोटी नव्हती. मे महिन्यात दुपारी दोनला ती भिंत नकोशी वाटायची. मी उशांचे अभ्रे बदलले, दोन महिने पांढरे खादीचे, आणि बाल्कनीला खसची ताटी. ताटीतून गाळून आलेल्या उजेडात भिंत जवळजवळ तपकिरी, शांत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी ताटी काढली. आकाश काळं आणि भिंत भाजल्यासारखी. ओली कवेलू म्हणाले होते ना, तीच.

उरलेल्या रंगाचं एक राहिलं सांगायचं. सासूबाईंनी मला न विचारता बाल्कनीतल्या सहा मातीच्या कुंड्यांना मारला तो. "दुकानातला गेरू हातालाच लागते, हा पक्का आहे," म्हणे. तुळशीला मात्र मारू दिला नाही, तिला गेरूच, नेहमीच्या गाडीवाल्याकडचा.

गेरूचुना | २ जुलै, सकाळी १०:५०

मातीच्या कुंडीला इमल्शन? माती आतून पाणी सोडते, रंग वरून अडवते. फुगे येऊन पोपडे निघतील काकूंना सांगा.

बेसावाली | २ जुलै, सकाळी ११:०४

निघाले. कालच. आज त्या सुरीने खरवडून राहिल्या आहेत आणि म्हणतात पोरीचा रंगच हलका होता.